आंतोनियाच्या मुलखात

ओमाहाला सुनंदाकडे जायचं ठरलं तेव्हाच मी तिला फोनवर सांगून टाकलं, नायगारा नको, न्यूयॉर्क नको, मला फक्त रेड क्लाउडला ने. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पंचवीसएक वर्षं काढलेल्या सुनंदाने या गावाचं नावही ऐकलेलं नव्हतं. "काय आहे तिथं?" तिनं विचारलं. "गवत," मी म्हटलं. "गवत बघायला कोल्हापूरहून येणार तू? ये बाई, ये."

तर रेड क्लाउड हे विला कॅथर या लेखिकेचं गाव. १९१८ साली आलेली तिची 'माय आंतोनिया' ही कादंबरी मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला शिकवली. व्हर्जिनियातला दहा वर्षांचा पोरका जिम बर्डन आजी-आजोबांकडे राहायला येतो. त्याच रात्री त्याच आगगाडीतून बोहेमियाचं, म्हणजे आजच्या चेकियातलं, शिमेर्दा कुटुंब नेब्रास्काच्या माळावर उतरतं. त्यांची मुलगी आंतोनिया, जिमपेक्षा चार वर्षांनी मोठी. मग जन्माची मैत्री. जिम शिकतो, वकील होतो, न्यूयॉर्कला जातो. आंतोनिया नांगर धरते, गावात दुसऱ्यांच्या घरी कामाला राहते, एका माणसाकडून फसवली जाते आणि शेवटी मुलाबाळांनी भरलेल्या शेतावर जिमला पुन्हा भेटते. सुखी असते. माझ्या वर्गात गडहिंग्लजकडची एक मुलगी होती. सुखाचा हा शेवट मी रंगवून सांगायला लागले की तिचा हात वर. "मॅडम, पण तिची शाळा का सुटली?" माझी उत्तरं तिला कधी पटली नाहीत. खरं सांगायचं तर मलाही फारशी पटत नव्हती.

पहिला दिवस : लिंकन, विल्बर, बिॲट्रिस

सप्टेंबरचा शेवट. सकाळी हवेत गारवा आणि दुपारी पाठ भाजेल असं ऊन. ओमाहा ते लिंकन हा तासाभराचा हमरस्ता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिंकन ही राज्याची राजधानी. तिथल्या विधानभवनाचा चारशे फुटी मनोरा लांबूनच दिसतो आणि त्याच्या टोकावर बी पेरणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. राजधानीच्या डोक्यावर राजा नाही, घोडा नाही, पेरणी करणारा शेतकरी! मला हे फार आवडलं. कॅथर १८९० मध्ये इथल्या विद्यापीठात आली ती डॉक्टर व्हायचं डोक्यात घेऊन. कार्लाइल या स्कॉटिश लेखकावर लिहिलेला तिचा निबंध तिच्या प्राध्यापकांनी तिला न विचारता वर्तमानपत्रात छापून आणला. आपलं नाव छापलेलं बघितल्यावर वैद्यकी मागे पडली.

दुपारी सुनंदाने 'रन्झा' खायला थांबवलं. व्होल्गाकाठच्या जर्मनांनी इकडे आणलेला हा पदार्थ, पावाच्या लांबट पोटात कोबी, कांदा आणि गोमांस. मी शाकाहारी, त्यामुळे बटाट्यावर भागवलं. शाकाहारी मंडळींसाठी आत्ताच सांगून ठेवते, या भागात बाहेर पडताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी असं काहीतरी बरोबर घ्याच. सुनंदाने घेतलं होतं. तिच्या गाडीतला थर्मास आणि दशम्यांचा डबा हे खरं आमचं हॉटेल.

विल्बर हे लिंकनच्या नैर्ऋत्येला तासाभरातलं गाव. गावाची पाटीच सांगते की ही अमेरिकेतल्या चेक लोकांची राजधानी. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला इथं मोठी चेक जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा रस्ता रिकामा, दुपारचे दोन, एक म्हातारा बाकावर बसून रस्त्याकडे बघत होता. आम्हाला हवे होते 'कोलाची'. कादंबरीत आंतोनियाच्या स्वयंपाकघरात हे असतातच. गोल, मऊ, गोडसर पाव, मधे खळगा आणि खळग्यात सारण. बेकरीत काचेमागे मांडलेले होते, प्लम, जर्दाळू, चेरी, चीज आणि खसखस. इथली खसखस काळी-निळी. वाटून, दुधात शिजवून इतकी दाट केलेली की पहिल्या घासात ओळखच पटत नाही. दुसऱ्या घासाला मी डोळे मिटले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं आईचं स्वयंपाकघर तोंडात आलं.

काउंटरवर विशीतली मुलगी होती. बोलता बोलता कळलं, तिचे आईवडील ग्वाटेमालाहून आले. राहतात शेजारच्या क्रीटमध्ये, जिथं डुकराच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी लॅटिनो कुटुंबं बरीच आहेत. आतल्या बाजूला पांढऱ्या केसांच्या एक बाई पीठ मळत होत्या. मुलीने बनवलेला एक कोलाची त्यांनी उचलला, अंगठ्याने खळगा आणखी दाबला आणि काही न बोलता परत ठेवला. मुलीने पुढचे सगळे तसेच दाबले. शिकवणी झाली!

सुनंदा म्हणाली, "मला मिसेस शेजारणीने बर्फात गाडी चालवायला अशीच शिकवली. शब्द चारच. ब्रेक नको, ब्रेक नको." त्या शेजारणीचं खरं नाव ती कधी घेतच नाही, अजूनही 'मिसेस शेजारीण'च. सुनंदाने त्या बदल्यात तिला काय शिकवलं? "काही नाही. ती दर गुरुवारी माझ्याकडे आमटी प्यायला यायची." नवरा कामावर, पोर तान्हं, बाहेर कंबरभर बर्फ, त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सुनंदा आत्तापर्यंत माझ्याशी कधी बोलली नव्हती. विल्बरच्या बाकावर बसून, बोटांना लागलेली खसखस चाटत ती बोलली.

संध्याकाळच्या आत बिॲट्रिस गाठलं. जवळच होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. प्रवेश फुकट, पण पाचला बंद होतं, तेव्हा तीनच्या आत पोचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने १६० एकर जमीन जवळपास फुकट दिली. अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने कायदा अमलात आला त्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, मध्यरात्र उलटल्या उलटल्या अर्ज केला असं सांगतात. त्याचीच जमीन म्हणजे हे उद्यान. मुख्य इमारतीचं छप्पर नांगरासारखं वर उचललेलं आहे. दाराकडे जाताना एक भिंत लागते, तिच्यावर प्रत्येक राज्याची पत्र्याची आकृती आणि त्या राज्यातली जितकी जमीन या कायद्याखाली गेली तितकं भोक. नेब्रास्काचं भोक जवळजवळ निम्म्या राज्याएवढं.

जमीन 'फुकट' होती, कारण ती आधी दुसऱ्यांची होती. रेड क्लाउडच्या आसपासचा मुलूख पॉनी या इथल्या मूळ जमातीचा. त्यांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं, आणि त्याच दशकात गाडीभर गाडी युरोप इथं उतरत होता. कादंबरीत याची खूण म्हणजे माळावर गवतात उमटलेलं एक मोठं वर्तुळ, इंडियन, म्हणजे इथले मूळ रहिवासी, तिथं घोडे फिरवत असत असं जिमला सांगतात. बस, एवढंच. हे मला पूर्वी खटकत नसे, आता खटकतं.

उद्यानाच्या कडेला फ्रीमन शाळा आहे. १८७२ ची, लाल विटांची, एकच खोली. १९६७ पर्यंत चालली. बाकं, फळा, मधे शेगडी. मोठी मुलं पेरणीला आणि कापणीला गायब, थंडीत पुन्हा हजर, असं इथल्या शाळांचं वेळापत्रक. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या दिवसांतले पटावरचे आकडे मी बघितलेले आहेत, त्यामुळे शेगडीजवळच्या बाकावर बसून मी जरा वेळ गप्पच होते. सुनंदाने फोटो काढला, म्हणाली, "मास्तरीण वर्गात, विद्यार्थी शेतात."

दुसरा दिवस : हेब्रन आणि रेड क्लाउड

बिॲट्रिसहून १३६ क्रमांकाचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो. दोन-अडीच तासांचा रस्ता. आम्हाला चार तास लागले, कारण वाटेत हेब्रनला झोपाळा आहे. जगातला सगळ्यात मोठा झोपाळा असा त्यांचा दावा. गावच्या बागेत साखळ्यांना लटकलेली ती लांबच लांब बैठक बघून आम्हा दोन पन्नाशी उलटलेल्या बायकांनी जे केलं ते इथं लिहीत नाही. झोपाळा हलवायला दोघी पुरत नाहीत, एवढी माहिती देते. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांनी पाय लावला तेव्हा कुठे तो हलला.

दोन्ही बाजूंना मका वाळून कडकडीत झालेला, सोयाबीनवर यंत्रं चाललेली, हवेत भुसा. रस्त्याच्या कडेने रानटी सूर्यफुलं. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. पहिल्यांदा वाटलं, आपल्या गाडीत काही बिघाड आहे की काय. सुनंदा म्हणाली, इकडची पद्धत आहे. मग मीही बोट उचलायला लागले.

रेड क्लाउडची वस्ती आज हजाराच्या आत. लाकोटा सरदार रेड क्लाउड याच्यावरून नाव. विटांचा एक मुख्य रस्ता, दोन्हीकडे १८८०-९० च्या दशकांतल्या इमारती. पण कॅथर नऊ वर्षांची असताना, १८८३ मध्ये, व्हर्जिनियातून आली तेव्हा हे रेल्वेचं गजबजलेलं ठाणं होतं. प्रवासी गाड्या इथं थांबत. आधी दीडेक वर्ष कुटुंब गावाबाहेर शेतावर राहिलं, मग गावात आलं.

कॅथर सेंटर मुख्य रस्त्यावरच, जुन्या ऑपेरा हाउसला लागून आहे. घरं आतून बघायची तर त्यांच्या वाटाड्याबरोबरच जावं लागतं. फेरीची नावनोंदणी आधी करा, आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही. आमच्या वाटाड्या सत्तरीच्या बाई, निवृत्त ग्रंथपाल. मी हा विषय शिकवत असे म्हटल्यावर त्यांनी सुनंदाकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?" "मी ड्रायव्हर," सुनंदा म्हणाली. त्या क्षणापासून दोघींची गट्टी जमली.

तिसरा रस्ता आणि सीडर यांच्या कोपऱ्यावर कॅथर कुटुंबाचं भाड्याचं घर आहे. बाहेरून बघितलं तर आई-वडील, आजी आणि हळूहळू सात झालेली भावंडं यात मावली कशी हा प्रश्न पडतो. उत्तर माळ्यावर आहे. सगळी मुलं तिथं झोपत. जिना अरुंद, छप्पर उतरतं, थंडीत फटीतून बर्फाचा भुगा पांघरुणावर येई. विला मोठी झाल्यावर तिला या माळ्याचा एक कोपरा भिंत घालून स्वतंत्र मिळाला. गावातल्या औषधांच्या दुकानात तिने काम केलं आणि मोबदल्यात भिंतीला लावायचा कागद घेतला, बारीक गुलाबांचा. तिने स्वतः लावलेला तो कागद अजून भिंतीवर आहे. रंग उडालाय, कडा फाटल्या आहेत, एका ठिकाणी दोन पट्ट्यांवरचे गुलाब जुळलेले नाहीत. शाळकरी मुलीच्या हाताने लावलेला कागद आहे हे तिथं दिसतं. मी त्या न जुळलेल्या गुलाबांसमोर बराच वेळ उभी होते, शेवटी वाटाड्या बाईंनी घड्याळ दाखवलं.

या गावात ही मुलगी शिकली कुणाकडून? शाळेत तर शिकलीच. १८९० मध्ये शालान्त झालेल्या तीन जणांच्या वर्गात ती एक, आणि ऑपेरा हाउसच्या त्याच रंगमंचावर तिने अंधश्रद्धा विरुद्ध संशोधन या विषयावर भाषण ठोकलं. पण लॅटिन आणि ग्रीक तिला शिकवलं विल्यम डकर नावाच्या इंग्रजाने, जो दुकानात काम करायचा. वीनर नावाचं ज्यू जोडपं फ्रेंच-जर्मन बोलायचं, त्यांची पुस्तकं तिला खुली होती. आणि शेतांवरच्या परदेशी म्हाताऱ्या बायका पाव भाजता भाजता, लोणी घुसळता घुसळता ज्या गोष्टी सांगत, त्या ऐकून ती घोड्यावरून घरी परतायची ती भारल्यासारखी. पुढे मुलाखतीत तिने हे सांगितलं आहे. त्या काळात ती केस बारीक कापून स्वतःला विल्यम कॅथर म्हणवायची. गाव काय म्हणत असेल याची कल्पना करा.

याच गावात, कॅथरच्या घरापासून जवळ, मायनर कुटुंबाकडे ॲना साडिलेक नावाची बोहेमियन मुलगी कामाला होती. तीच कादंबरीतली आंतोनिया. मायनर बहिणी विलाच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पुस्तकाची अर्पणपत्रिका कॅरी आणि आयरीन मायनर या दोघींच्याच नावे आहे.

रात्री मुक्काम एका जुन्या घरातल्या खोलीत. गावात जेवणाच्या जागा मोजक्या आणि लवकर बंद होतात, रविवारी-सोमवारी तर विचारून ठेवलेलं बरं. आम्ही टोमॅटोचं सूप आणि दशमी खाल्ली. दहाच्या सुमाराला पश्चिमेकडून विजा चमकायला लागल्या. आवाज नाही, नुसता प्रकाश. अर्ध्या तासाने वारा आला आणि घराच्या फळ्या बोलायला लागल्या. मग पाऊस. मला आपल्या वळवाची सवय आहे, पण इथं वादळाला अडवायला डोंगर नाही, घाट नाही, काही नाही. सुनंदा ढाराढूर.

तिसरा दिवस : शेतं, कबरी आणि फळांचं भुयार

शेतांकडे जाणारे रस्ते खडीचे आणि मातीचे. पावसानंतर चाक घसरतं, म्हणून वाटाड्या बाईंनी सकाळी नकार दिला आणि दुपारी निघायचं ठरलं. त्या बाजूला फोनला रेंजही धड नसते. टाकी गावात भरून घ्या आणि नकाशा कागदावर ठेवा. सकाळचा वेळ रेल्वेच्या जुन्या स्थानकात काढला. याच रुळांवरून ते सगळे आले, गाठोडी, रजया, बियाणं आणि एक शब्द इंग्रजी न येणारी पोरं.

दुपारी निघालो. पहिली थांबण्याची जागा म्हणजे साडिलेक कुटुंबाच्या जमिनीचा कोपरा. ॲनाचे वडील १८८१ च्या हिवाळ्यात आत्महत्या करून गेले. विला दोन वर्षांनी आली तेव्हा तिला आल्या आल्या जी हकिकत ऐकायला मिळाली ती हीच. कादंबरीत शिमेर्दा हा व्हायोलिन वाजवणारा, शिकलेला, हळवा माणूस. परक्या देशात तो वाजवतच नाही. एके दिवशी तो खिशातून दोन लिप्यांचं पुस्तक काढून जिमच्या आजीच्या हातात ठेवतो आणि माझ्या आंतोनियाला शिकवा म्हणून विनवतो. आणि पुढच्याच थंडीत जातो. मग मोठा भाऊ आणि आंतोनिया शेत ओढतात. जिम तिला शाळेला चल म्हणून सांगायला येतो तेव्हा ती बढाई मारते, मी पुरुषासारखं काम करते, मला वेळ नाही म्हणून. थोड्या वेळाने तो बघतो, तर ती रडत असते. शाळेत जे शिकशील ते कधीतरी मला सांगशील ना, एवढंच ती मागते.

सांगितलं का त्याने? मी पुस्तक कितीदा तरी वाचलंय. तो तिला बरंच काही वाचून दाखवत असेल, पण पानांवर तरी ते फारसं नाही. उलट तोच तिच्याकडून शिकतो. माळ कसा बघायचा, गोष्ट कशी सांगायची. शिमेर्दा बाई जिमच्या आजीला प्रेमाने मूठभर वाळकी, तपकिरी, विचित्र वासाची सालं देतात, आजी ती चुलीत टाकते. कितीतरी वर्षांनी जिमला उमगतं की ती बोहेमियाच्या जंगलातली अळंबी होती, एवढ्या लांबून जपून आणलेली. शिकलेल्या घराला तेवढी गोष्ट कळली नाही.

हे मी गाडीत सांगत होते. वाटाड्या बाई मान हलवत होत्या. सुनंदा मधेच म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी पाठवलेला हिंग इथल्या कस्टमवाल्याने असाच फेकला होता."

ॲनाच्या वडिलांची कबर आता गावच्या दफनभूमीत आहे. ॲनाची कबर उत्तरेला ब्लेडनजवळ, क्लोव्हरटनच्या लहानशा दफनभूमीत, लग्नानंतरचं नाव ॲना पावेल्का. १९५५ साली गेली, म्हणजे कॅथरच्या नंतर आठ वर्षांनी. वारा इतका होता की उभं राहायला कुंपण धरावं लागत होतं. एक पिकअप गाडी थांबली. टोपीवाला शेतकरी, सगळं ठीक ना म्हणून विचारायला. ठीक आहे म्हटल्यावरही तो गेला नाही. रात्रीच्या पावसाने मक्याचं काय केलं, यंत्र कुठे अडकलं, भाव किती पडलाय, सगळं सांगितलं. मी विचारलं, कादंबरी वाचलीय का? म्हणाला, शाळेत वाचावी लागली होती, बायकोने मात्र आवडीने वाचलीय. मग कबरींकडे हात करून म्हणाला, यांची नातवंडं-पतवंडं ओळखतो मी.

आणि मग पावेल्कांचं शेतघर. पांढरं, लाकडी, आजूबाजूला आता झाडं थोडी. घर नीट दुरुस्त केलेलं आहे. मागे जमिनीत उतरणारं फळांचं भुयार. कादंबरीत वीस वर्षांनी जिम येतो, आंतोनियाची पोरं त्याला या भुयारात नेऊन लोणच्याची पिंपं आणि मुरंब्याच्या बरण्या दाखवतात, काचेवरून बोट फिरवून आतली फळं ओळखायला लावतात. मग सगळी पायऱ्यांवरून उन्हात उसळून बाहेर पडतात. पुस्तकातलं हे पान मी वर्गात नेहमी मोठ्याने वाचत असे. प्रत्यक्षात पायऱ्या अरुंद, छत डोक्याला लागेल असं, आत ओल्या मातीचा वास आणि बाहेरच्या वाऱ्यानंतर एकदम कान भरून येईल अशी शांतता. फळ्या रिकाम्या. एका वेळी पाच माणसं कशीबशी मावतील, आणि पुस्तकातली ती सगळी पोरं यातूनच बाहेर पडलेली.

इथं माझं आणि सुनंदाचं भांडण झालं. तिचं म्हणणं, "वीस वर्षं? वीस वर्षं तो मैत्रिणीकडे फिरकला नाही?" खरंच आहे. ती म्हातारी, पिचलेली दिसेल या भीतीने तो आलाच नाही. आणि आला तेव्हा दात पडलेल्या, केस पिकलेल्या आंतोनियाला बघून त्याला जीवनाचा अर्थ वगैरे सापडला. मी त्याची बाजू घेत होते, का कोण जाणे, कदाचित इतकी वर्षं शिकवल्यामुळे. सुनंदा म्हणाली, "ती सुखी आहे हे तोच सांगतोय. तिला विचारलं का कुणी?"

उत्तर वाटाड्या बाईंनी दिलं. जिम गेला नाही, पण कॅथर जात असे. रेड क्लाउडला आली की ती पावेल्कांच्या शेतावर जायची, जेवायची, पोरांशी बोलायची. १९३१ च्या नाताळानंतर तिचं गावाला येणं थांबलं, पण पत्रं आणि भेटवस्तू पाठवणं थांबलं नाही. तिसाच्या दशकात मंदी आणि दुष्काळ एकदम आले तेव्हा तिने न्यूयॉर्कहून ॲनाला आणि इतर शेतकरी मैत्रिणींना पैसे पाठवले. पुलित्झर मिळालेली लेखिका आणि तिच्या शेजाऱ्यांकडची कामवाली, साठएक वर्षांची मैत्री. सुनंदा म्हणाली, "मग हे लिहायचं होतं की!"

शाळा का सुटली, याचं उत्तर कादंबरीत आहेच. बाप गेला, कर्ज होतं, भाऊ राबवत होता. माझ्या त्या विद्यार्थिनीला ते माहीत होतं. तिला हवं होतं ते वेगळं. आंतोनिया सुखी झाली म्हणून शाळा सुटल्याचं दुःख पुसलं जातं का, हा तिचा प्रश्न होता. पुस्तकात ते पुसलेलं नाही, हे मला त्या भुयाराबाहेर उभं राहून लक्षात आलं. आंतोनिया म्हातारपणी जिमला आपल्या पोरांचं कौतुक सांगते, घरात बोहेमियनच बोलतात, इंग्रजी विसरत चालले म्हणते, आणि आपल्या मुलींना दुसऱ्यांच्या घरी कामाला जावं लागू नये असं म्हणते. हे शेवटचं वाक्य मी वर्गात कायम घाईत ओलांडत आले. सुख आहे आणि तक्रारही आहे, एकाच बाईच्या तोंडी.

चौथा दिवस : माळ आणि परतीची वाट

गावाच्या दक्षिणेला आठ किलोमीटरवर, कॅन्ससच्या सीमेला लागून, कॅथर स्मारक माळ आहे. ६१२ एकर, कधीही न नांगरलेला. १९७४ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तो घेतला, नंतर कॅथर प्रतिष्ठानकडे दिला. देवदारासारखी दिसणारी लाल सीडरची झाडं माळात घुसतात आणि गवत मारतात, म्हणून मधूनमधून मुद्दाम वणवा लावावा लागतो, गुरंही चारतात. माळ जपायचा तर जाळावा लागतो, हे ऐकून सुनंदा वाटाड्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालून जा. गोचिडी असतात, परतल्यावर पायमोजे झाडून बघा. सावली नाही, पाणी बरोबर ठेवा. आणि शक्यतो सकाळी लवकर किंवा सूर्य खाली गेल्यावर जा, तेव्हा गवताचे रंग उठतात.

सप्टेंबरअखेरीचं ब्लूस्टेम गवत तांबूस-जांभळं होतं, देठांवर वाइन सांडल्यासारखं. पावसाने ते चकाकत होतं. वाऱ्याबरोबर सगळा माळच पळतोय असं वाटतं, असं जिम म्हणतो. मी ते अलंकार म्हणून शिकवलं होतं. तिथं उभं राहिल्यावर पायाखालची जमीन सरकतेय असं खरंच वाटतं, सुनंदाने माझा दंड धरला. गोल्डनरॉडची पिवळी फुलं संपत आलेली. मेडोलार्क या पक्ष्याचा आवाज आला, पक्षी दिसला नाही.

कॅथरची कबर इथं नाही, न्यू हॅम्पशरमधल्या जाफ्रीला आहे. पण तिच्या दगडावर कोरलेलं वाक्य याच कादंबरीतलं आहे. लहान जिम आजीच्या बागेत, उन्हाने तापलेल्या भोपळ्याला टेकून बसलेला असतो, आजूबाजूला किडे फिरत असतात, आणि त्याला काही नको असतं. आपण कशात तरी पूर्ण आणि मोठ्या गोष्टीत विरघळून जावं, हेच सुख असेल, असं त्याला वाटतं. गंमत अशी की तेव्हा अजून त्याची आंतोनियाशी ओळखही झालेली नसते. सुख आधी, मैत्री नंतर, शिक्षण त्याहून नंतर. मी वर्गात क्रम नेहमी उलटा लावायची.

हेस्टिंग्जला दुपारी थांबलो. १९२७ मध्ये कूल-एड हे लहान मुलांचं रंगीत सरबत याच गावात जन्मलं आणि गावाला त्याचा भलताच अभिमान आहे. सुनंदाच्या पोरांचं बालपण त्यावर गेलेलं, तिने पाकिटं घेतली. पुढे हमरस्ता, ट्रकांच्या रांगा, अंधार पडता पडता ओमाहा.

गवत बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर, पण पक्षी बघायचे तर मार्च. कर्नीजवळ प्लॅट नदीत लाखो सँडहिल क्रौंच उतरतात आणि तिथून रेड क्लाउड दीड-दोन तासांवर आहे. व्हिसा आहेच, सुनंदाने रजेचं बोलून ठेवलंय. तोवर तिला कादंबरी संपवायची आहे. कालच तिचा फोन आला. ती लीना लिंगार्डपाशी पोचली आहे, लग्नाला साफ नकार देऊन लिंकनमध्ये स्वतःचं शिवणाचं दुकान काढणारी ती नॉर्वेजियन मुलगी. "तुझी आंतोनिया राहू दे बाजूला," सुनंदा म्हणाली. "हिच्यावर काय लिहिलंय ते सांग."